एका कोयीतून चार रोपं

आज गादीवाफ्यावर एकाच कोयीतून चार अंकुर वर आलेले दिसले आणि बराच वेळ तिथेच थांबलो. आंब्याची ही बहुभ्रूणी कोय. हापूस, दशहरी, लंगडा हे एकभ्रूणी: एका कोयीतून एकच रोप, तेही संकरातून आलेलं, म्हणून आईसारखं निघेलच असं नाही. केरळकडचे ओलूर, कुरुक्कन, चंद्रकारन आणि आग्नेय आशियातले बरेच वाण मात्र बहुभ्रूणी. त्यांची जास्तीची रोपं आईच्याच ऊतकातून येतात, हुबेहूब तिच्यासारखी. एकसारखे खुंट (ज्यांवर कलम बांधतात ती रोपं) हवेत तर हेच घ्यावेत.

कोय ताजीच पेरा, वाळली की उगवण झपाट्याने घटते. रोपं वेगळी करताना प्रत्येकाला दलाचा (कोयीतल्या गराचा) तुकडा राहू द्या. खुरटलेलं रोप संकराचं असतं असं सरसकट धरतात, ते नेहमी खरं नसतं.

प्रदेशाची छाप मोहरात दिसते. उत्तरेकडच्या वाणांना थंड रात्री लागतात. उबदार, दमट हवेत मोहराऐवजी पालवीच फुटते. दशहरी वर्षाआड फळतो, दक्षिणेचा नीलम दरवर्षी. या दोघांच्या संकरातून आम्रपाली आला. नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेल्या ‘रत्ना’ या वाणात साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) होत नाही, मला हे फार मोलाचं वाटतं.

कलमांच्या बागेत हजार हापूस म्हणजे जवळपास एकच जनुकसंच. खरी विविधता रायवळात, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्यांत आहे. जुनं रायवळ तोडण्याआधी त्याच्या तीन-चार महिन्यांच्या, डोळे फुगलेल्या काड्या काढून निदान कलमं तरी बांधून ठेवा.