पंचम धरणारी मुले

माध्यमिक शाळेत संगीत शिकवणाऱ्या प्रत्येकासमोर दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. सातवीपर्यंत समूहगीत स्पर्धेत पहिल्या रांगेत उभा राहून खणखणीत गाणारा मुलगा पुढच्या एखाद्या सुट्टीनंतर वर्गात येतो, तेव्हा त्याचा आवाज फुटलेला असतो. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब होतात आणि आवाज हळूहळू जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, पण थोडाच, त्यामुळे तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. मुलाचे मात्र मधले काही महिने असे जातात, की कोणता सूर लागेल आणि कोणता मध्येच तुटेल हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. अशा मुलाला तबल्यावर बसवायचे, झांज द्यायची, नाहीतर मागच्या रांगेत उभे करून नुसते ओठ हलवायला सांगायचे, ही आमच्या व्यवसायातली जुनी पद्धत. गळ्याची हानी होऊ नये हा तिच्यामागचा हेतू चांगला असला, तरी त्यातली बरीच मुले पुन्हा गाण्याकडे वळत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे मला सतत वाईट वाटत आले आहे.

मी मिरजेत शिकवते. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे हे गाव, आणि इथल्या सतारमेकर गल्लीत घडणाऱ्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात; २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले ते याच गावात. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, एकाच वेळी अनेक विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धत बसवली आणि काँग्रेसच्या अधिवेशनांत हजारोंच्या समोर वंदे मातरम् गायले. गाणे चार भिंतींतून बाहेर काढून लोकांच्या गळ्यात नेण्याचा विचार ज्या गावाशी असा जोडलेला आहे, तिथे शाळेतल्या मुलांनी आणि गावातल्या मोठ्या माणसांनी एकत्र गाण्याचे प्रसंग इतके थोडे का, असा प्रश्न मला पूर्वीपासून पडत असे.

आमच्या भागात हौशी मंडळींचे एक समूहगान मंडळ आहे. निवृत्त बँक कर्मचारी, रेल्वेतले दोघे-तिघे, एक परिचारिका, भजनी मंडळातल्या काही आजी आणि एक तंतुवाद्य कारागीर, अशी तीसेक माणसे रविवारी संध्याकाळी जमतात. मराठी भाषा गौरव दिनी, म्हणजे २७ फेब्रुवारीला, त्यांचा कार्यक्रम असतो. या वर्षी त्यांनी आमच्या पाचवी ते नववीच्या चाळीसेक मुलांना सोबत गाण्यासाठी बोलावले. मुलांचे एक गीत, मग मंडळाची गीते, असा सुटसुटीत बेत त्यांच्या मनात होता. मी सुचवले की शेवटचे गीत सगळ्यांनी मिळून गावे आणि तेही वेगवेगळे गट करून उभे न राहता, मुले आणि मोठी माणसे एकाआड एक अशा रांगांत.

गीत निवडायला वेळ लागला नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटचे पसायदान मुलांना परिपाठामुळे पाठ होते आणि आजींना भजनामुळे, म्हणून कागद हातात घेण्याची कोणालाच गरज नव्हती. भूप रागाच्या अंगाने एक साधी चाल मी बसवली. पहिल्याच एकत्र तालमीत मात्र कळले, की शब्द तेच असले तरी दोन पिढ्या ते निरनिराळ्या श्वासांवर म्हणतात. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड असतो. ‘दुरितांचे तिमिर जावो’ या ओवीत ‘प्राणिजात’ एवढाच. परिपाठाच्या सवयीने मुले या आखूड चरणावर न थांबता पुढच्या ओवीवर उडी घेत, तर भजनाच्या सवयीने आजी तोच चरण लांबवून त्यावर विसावत. परिणामी तिसऱ्या ओवीपर्यंत अर्धा वृंद पुढे आणि अर्धा मागे अशी स्थिती होई. यावर मी ताल ओढून धरला नाही. मुलांना फक्त एवढेच सांगितले, की शेजारच्या आजी श्वास घेतील तेव्हाच तुम्ही घ्यायचा. त्यांच्या खांद्याकडे पाहा, माझ्या हाताकडे नंतर पाहा. एका तालमीत फरक पडला. लहान मुले मोठ्यांचा श्वास किती चटकन उचलतात हे ज्याने पाहिले नसेल त्याला ते सांगून पटणार नाही.

खरा पेच पट्टीचा, म्हणजे ‘सा’ कोणत्या सुरावर धरायचा याचा होता. मंडळातल्या पुरुषांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी, आणि बायकांची काळी चार, म्हणजे चौथी. एकाच वेळी सगळ्यांनी गायचे तर कोणाला तरी आपली सोय सोडावी लागते. मुलांचे गळे उंच आणि हलके असल्यामुळे काळी एकमध्ये ती पुरुषांच्या वरच्या सप्तकात सहज गात होती, तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या ‘सा’पर्यंत, त्यांना काहीच अडचण नव्हती. साठी ओलांडलेल्या बायकांना मात्र तो तार षड्ज नेहमीच्या पट्टीपेक्षा पाच अर्धस्वर वर जात होता आणि तिथे त्यांचा आवाज घट्ट होऊन कापू लागे. म्हणून काळी एकच कायम ठेवून मी असे ठरवले, की ‘मार्तंड जे तापहीन’ सारख्या चढ्या जागा मुलांनी एकट्यांनी घ्याव्यात आणि आजींनी तेवढ्यापुरते खालच्या सप्तकात पुरुषांबरोबर यावे. एका आजींना आधी हे कमीपणाचे वाटले. पण मुलांचा वरचा सूर आपल्या आवाजावर उभा राहतो आहे हे ऐकल्यावर त्यांनी आपणहून इतर बायकांना तसे गायला लावले.

राहिली आठवी-नववीतली आवाज फुटलेली मुले. त्यांना शाळेच्या पेटीवर एकेक करून तपासले, तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात सलग चार-पाच सूरच खात्रीचे उरले होते. त्याच्या वर आवाज चिरकत होता आणि खाली नुसती हवा निघत होती. पण ते चार-पाच सूर काळी एकच्या पट्टीत नेमके पंचमापासून, म्हणजे ‘प’पासून, वरच्या षड्जापर्यंत पडत होते, आणि भूपाला या दोन सुरांपेक्षा भक्कम आधार कोणता? मी त्यांच्यासाठी वेगळी ओळ केली: चाल गायची नाही, आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर, पंचम धरायचा, ओवी संपताना षड्जावर जायचे आणि पुन्हा पंचमावर यायचे. पेटी काढून टाकली. साथीला दोन तंबोरे आणि अगदी हलका तबला एवढेच ठेवले.

या मुलांना मी मंडळातल्या पुरुषांमध्ये उभे केले. नववीतला एक मुलगा, जो पूर्वी माझा सर्वांत भरवशाचा गायक होता आणि गेले वर्षभर संगीताच्या तासाला मान खाली घालून बसत होता, तो त्या कारागीर काकांच्या शेजारी आला. पहिल्या तालमीत त्याचा पंचम तुटला आणि तो गप्प झाला. काका त्याला म्हणाले, “थांबू नकोस. तुटला तर तुटू दे, तोवर मी धरतो. तू परत ये.” मग त्यांनी त्याला तंबोऱ्याजवळ नेऊन जवारी कशी लावतात ते दाखवले. तार घोडीवरून जाते तिथे खाली सुताचा बारीक धागा असतो. तो केसभर मागेपुढे सरकवला की ठोकळ वाजणारी तार एकदम गुंजायला लागते. “ह्याला बळ लावून चालत नाही. जागा सापडेपर्यंत सरकवत राहायचं,” एवढेच ते बोलले. त्या मुलाने नंतर किती वेळ तो धागा सरकवून पाहिला, हे मी दारातून पाहत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी रंगमंचावर तालीम झाली. ध्वनियोजना सांभाळणाऱ्या तरुणाने सवयीने सगळे माईक पुढच्या रांगेतल्या लहान मुलांसमोर लावले होते. त्याला विनंती करून दोन माईक मधल्या रांगेकडे वळवून घेतले, कारण पंचम ऐकू आला नाही तर पुढची मुले कशाला धरून गाणार, हे त्याला समजावून द्यावे लागले. उन्हाळा सुरू झाला होता. दुपारभर तंबोरे चढत-उतरत होते आणि पडदा उघडायच्या आधी काकांनी ते पुन्हा जुळवले.

पहिल्या चार ओव्या ठरल्याप्रमाणे गेल्या. पाचव्या ओवीला, सभागृह भरलेले पाहून उत्साहाने असेल, पुढच्या रांगेतली पाचवी-सहावीची मुले सुरापेक्षा चढू लागली. समूहाने पेटीशिवाय गाताना हे होतेच. मुले उत्साहाने चढतात, मोठी माणसे थकली की उतरतात, आणि एकदा दोन्ही सुरू झाले की वृंद मधोमध फाटतो. माझ्या हाताच्या खुणेने ते दुरुस्त होण्यासारखे नव्हते. त्याच वेळी मधल्या रांगेतला पंचम मला स्पष्ट ऐकू येऊ लागला. मुलांनी तो मोठा केला नव्हता, फक्त सोडला नव्हता. नववीतल्या त्या मुलाचा आवाज एका जागी तुटला, शेजारच्या भरदार आवाजाने ती जागा भरून निघाली, आणि पुढच्या श्वासाला तो पुन्हा त्याच सुरावर आला. प्रेक्षकांना यातले काही कळले असण्याचे कारण नाही. सहाव्या ओवीची चढी जागा आली तेव्हा पुढची मुले त्या पंचमाला टेकून उतरली होती आणि ‘सोयरे होतु’ या आखूड चरणावर सगळे एकत्र थांबले, आजींच्या श्वासाएवढे. समूहगान इतकी वर्षे शिकवत असूनही, ज्यांचा आवाज गेला असे आम्ही समजतो त्यांनी साठ-सत्तर जणांचा सूर सांभाळलेला मी त्या दिवशी प्रथम ऐकला.

शेवटच्या ओवीनंतर टाळ्या झाल्या, सत्कार झाले, भाषणे झाली. त्यांतले फारसे माझ्या लक्षात नाही. रंगमंचामागे एका पालकांनी विचारले, की आमच्या मुलाला गायला का दिले नाही, तो तर नुसता आऽऽ करत होता. मी त्यांना बाजूला बसवून, तो काय करत होता आणि तो नसता तर काय झाले असते, हे सविस्तर सांगितले. मुलगा शेजारीच उभा होता. मी बोलत असताना त्याने एकदाही मान खाली घातली नाही.

मंडळाने त्या मुलांना रविवारच्या तालमीला कायमचे बोलावले आहे आणि त्यातली काही जण जातात. मी आता प्रत्येकाच्या नावापुढे दर महिन्याला त्याचे खात्रीचे सूर वहीत नोंदवते. कोणाचा पंचम सुटून खालचा गंधार स्थिर होऊ लागला आहे, तर कोणाचा षड्ज अजून हलतो आहे. नववीतल्या मुलाला खाली मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पंचमापर्यंत जागा मिळाली आहे, म्हणून पुढच्या कार्यक्रमासाठी त्याची ओळ मी नव्याने लिहायला घेतली आहे.