आधी त्याच्याशी बोललास का?

"तक्रार घेऊन आलो की तुम्ही आम्हालाच परत पाठवता, मालकाचे आहात का?" बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपमधली पोरं मला सारखं हेच विचारतात. तक्रार निवारण समितीत मी कामगारांच्या बाजूने बसतो, म्हणून जास्तच लागतं.

मालकाचा नाही मी. बाईच्या छळाची गोष्ट असेल तर 'आधी बोल' असं मी कधीच म्हणत नाही. त्याला 2013 च्या कायद्याची वेगळी समिती आहे; तीन महिन्यांत लेखी द्यायचं, आणि समेट हवा असेल तर तो त्या बाईनेच मागायचा. कुणी हात उचलला, जात काढली, तरी थेट कागद. मी म्हणतो ते तोंडून गेलेल्या शब्दाबद्दल.

सव्वीस वर्षांचा होतो. सेकंड शिफ्ट सुटताना मापं घ्यायचा मायक्रोमीटर सापडेना. शेजारच्या लेथवरचा, कानडी मुलखातल्या बैलहोंगलकडचा, रोज माझ्या डब्यातली भाकरी खाणारा गडी पाच जणांसमोर म्हणाला, "ह्याची पिशवी बघा." बघितली. रिकामा डबा, रुमाल, तंबाखूची पुडी. सगळं बाकावर मांडलं आणि मी उभा. मायक्रोमीटर सकाळी कूलंटच्या ट्रेत धातूच्या चिप्सखाली सापडला, पण अर्ज मी रात्रीच लिहिला होता. मग मेमो, चौकशी, साक्षी. साक्षीदारांत तीन मराठी, दोन कानडी. आठवडाभरात कॅन्टीनची टेबलं वेगळी झाली. पिशवीचं भांडण राहिलं बाजूला, सीमाप्रश्न चहात आला.

तो चार दिवस सस्पेंड झाला. परत आल्यावर गेटवर थांबला. "एकदा विचारायचं होतं. त्याच पाच जणांसमोर माफी मागितली असती, तुमची." सहा वर्षं मला 'लेका' म्हणणारा माणूस त्या दिवशी 'तुम्ही' म्हणाला. पुढे तसंच म्हणत राहिला.

मागितली असती का? काय माहीत. तो सव्वीस वर्षांचा मी अजून भांडतो माझ्याशी: पिशवी माझी उघडली, मग त्याच्या दारात मीच का जायचं? त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

मध्यंतरी एकाला असाच परत पाठवला, तर समोरच्याने त्याला पुन्हा चारचौघांत उतरवलं. त्याचा अर्ज मग मीच लिहिला. नव्या औद्योगिक संबंध संहितेत तक्रार निवारण समितीला 30 दिवस आहेत, त्याच्या आत निकाल लावून घेतला. पण तो दुसरा अपमान माझ्यामुळे झाला, हे त्यालाही सांगितलंय.

तरी पुढचा आला की मी हेच विचारणार. एकट्याला जड जात असेल तर सांगा, शिफ्ट सुटल्यावर गेटवर थांबतो. दोघं मिळून जाऊ.