बुडापेस्टचा बंब

बेळगावात, शहापूरच्या आमच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे. त्यामुळे गरम पाण्याचं कौतुक मला कुणी सांगू नये! तरी हंगेरीत, बुडापेस्टला सेचेनी नावाच्या सार्वजनिक स्नानगृहात गेलोच. 1913 सालचं ते पिवळं, राजवाड्यासारखं बांधकाम. जमिनीखालून येणारं पाणी 70 अंशांच्या वर असतं म्हणे. निववून हौदात सोडतात.

जानेवारी. कपडे बदलायच्या खोलीपासून उघड्यावरच्या हौदापर्यंत ओल्या फरशीवरून अनवाणी पळालो, दात वाजत होते. पाण्यात गळ्यापर्यंत शिरलो आणि डोक्यावरचे केस मात्र गारठून ताठ. शेजारी छातीभर पाण्यात दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. वजीर गेला तरी घाई नाही.

आमच्या न्हाणीत एवढा वेळ लावला असता तर आजीने दार ठोठावलं असतं, ‘बाकीच्यांना पाणी नको काय रे?’