आईचा पाऊस माझ्या नकाशात नाही

१७ जुलै, रात्री साडेअकरा

सकाळी सव्वासातला आईचा फोन. "अगं, रात्रभर कोसळतोय नुसता. पऱ्या भरून वाहतोय, लाइट गेलीय. तुझ्या सॅटेलाइटला दिसला का?" तिने थट्टेत विचारलं, पण लॅबमध्ये पोचल्या पोचल्या मी जीपीएमचा, म्हणजे पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाचा, रात्रीचा डेटा उघडला. १६६ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या सूक्ष्मलहरींवरून काढलेल्या तापमानाच्या नकाशात चिपळूणच्या आसपास काहीच नाही, आजूबाजूसारखाच उबदार रंग. विदर्भावर मात्र गडद निळा डाग, १४० केल्विनपर्यंत उतरलेला.

कोडच चुकला म्हणून दुपारपर्यंत अक्षांश-रेखांश तपासत बसले. शेवटी सर म्हणाले, "ढग किती उंच होता ते बघ आधी." त्याच उपग्रहावरचा रडार बघितला, तर साडेचार किलोमीटरच्या वर प्रतिध्वनीच नाही. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी पाच-साडेपाच किलोमीटरवर असते. म्हणजे गावच्या ढगात बर्फच नव्हता. पश्चिमेचा वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, थेंबाला थेंब चिकटत मोठा होतो आणि तिथेच कोसळतो. आखूड ढग, पण झोडपून काढतो.

आणि माझा सगळा खेळ बर्फावर. जमिनीतून सूक्ष्मलहरी सतत वर निघत असतात. १६६ला त्यांची तरंगलांबी जेमतेम १.८ मिलिमीटर. तेवढ्याच मापाचे बर्फाचे कण त्या इकडेतिकडे विखुरतात, उपग्रहापर्यंत कमी पोचतात, म्हणून ती जागा थंड दिसते. १४० केल्विन म्हणजे उणे १३३ अंश. एवढी थंडी कुठल्याच ढगात नसते! तो आकडा म्हणजे वाटेत किती लहरी गळाल्या त्याचा हिशेब. समुद्रावर कमी वारंवारतेला पाण्याचे थेंबही दिसतात, कारण खालचा समुद्र थंड भासतो. जमीन स्वतःच तेजाळलेली, तिच्यावर थेंब उठून दिसत नाहीत. त्यामुळे घाटातला पाऊस आमच्या अंदाजात कमीच येतो. हे वाचलेलं होतं, पण आपल्याच घरावरचा पाऊस हरवला की वेगळं लागतं.

विदर्भाचा डाग मात्र मन लावून बघितला. उभ्या आणि आडव्या ध्रुवणातला, म्हणजे उभ्या आणि आडव्या कंप पावणाऱ्या लहरींमधला, फरक गाभ्यात जेमतेम २ केल्विन, कडेच्या पसरट भागात ९-१०. गाभ्यात वर जाणारा वारा कणांना गडगडा लोळवतो, कडेला ते सावकाश, आडवे पसरून उतरतात, वरून सोडलेल्या पत्रावळीसारखे, म्हणून आडव्या लहरी जास्त विखुरतात. पहिल्या वर्षी मी मॉडेलमध्ये सगळे कण साबुदाण्यासारखे गोल धरले होते आणि हाच फरक उपकरणाची चूक समजून काढून टाकला होता. तीन आठवडे गेले त्यात. त्या वहीचं पान अजून फाडलेलं नाही.

संध्याकाळी आईला सांगितलं, नाही दिसला. "मग एवढा खर्च कशाला करतात?" मी म्हटलं, तूच मोज. सरळ कडांचं पातेलं अंगणात ठेव, माडापासून लांब. सकाळी पट्टी बुडवून किती मिलिमीटर ते सांग.

"कळशी चालेल?"

"नाही गं, तिचा गळा अरुंद."

मागून बाबांचा आवाज, पट्टी कुठे ठेवलीय म्हणून.