मग दवाखान्यात जात कशाला विचारता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विनिपेगला गणपतीच्या पंगतीत असो की नाशिकला मावशीच्या ओट्यावर, प्रश्न हाच येतो: "अगं, कॅनडात पेशंटला 'तुम्ही आदिवासी का' असं विचारतात? हा भेदभाव नाही?"

मी इस्पितळात रजिस्ट्रेशनच्या काउंटरवर बसते. नाव, जन्मतारीख, हेल्थ कार्ड आणि 2023 पासून मॅनिटोबात (विनिपेग ज्या प्रांतात आहे तो) आणखी एक प्रश्न: तुम्ही स्वतःला कोण म्हणवता? फर्स्ट नेशन्स, मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशातून घडलेला समाज), इन्युइट (हे तिन्ही कॅनडाचे आदिवासी समाज), बाकीचे वंश, नाहीतर 'सांगायचं नाही'. दाखला मागत नाही. आपल्याला जात म्हटलं की पडताळणी आठवते, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आठवतो. इथे माणूस म्हणेल ते लिहायचं. आणि तो सांगायचं नाही म्हणाला, तर माझ्या आवाजात फरक पडता कामा नये. (हे बोलायला सोपं आहे. मागे वीस जणांची रांग असते.)

न विचारणं म्हणजेच समान वागवणं, असं मलाही वाटायचं. पण 2008 च्या सप्टेंबरात याच शहरात ब्रायन सिंक्लेअर नावाचे 45 वर्षांचे गृहस्थ इमर्जन्सीत व्हीलचेअरवर 34 तास बसून राहिले आणि तिथेच गेले. फर्स्ट नेशन्सचे होते. मूत्राशयाचा संसर्ग, तुंबलेला कॅथेटर; वेळेत बघितलं असतं तर बरे होणारं दुखणं. कुणाला वाटलं प्यायलेत, कुणाला वाटलं बेघर आहेत, निवाऱ्याला आलेत. रकाना नसतानाच चेहऱ्यावरून उत्तर लिहून झालं होतं. आता निदान कोण किती वेळ ताटकळतं ते आकड्यांत तरी दिसेल.

चेहऱ्यावरून लिहायची खोड मलाही होतीच. पहिल्याच आठवड्यात एका सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या पोराला न विचारता मी 'गोरा' टाकून मोकळी. "काय टाकलंत?" त्यानं विचारलं. सांगितलं. "मेटी लिहा. लुई रिएलच्या गावात बसलायत तुम्ही." रिएल म्हणजे मेटींचे मोठे पुढारी. मी खाली मान घालून दुरुस्ती केली.

पण खरा धडा एका आजींनी दिला. प्रश्न ऐकताच त्यांचा हात पर्सवरच थांबला. "कशाला हवंय?" मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं: सेवा सुधारण्यासाठी. त्या म्हणाल्या, "लहानपणीही असंच विचारलं होतं. मग क्लिअरवॉटर लेकला नेलं." तिथे आदिवासींसाठी (त्यांना तेव्हा 'इंडियन' म्हणत) क्षयाचं वेगळं 'इंडियन हॉस्पिटल' होतं. पोरं घरापासून शेकडो मैल दूर, वर्षानुवर्षं. 'इंडियन' हा शब्द माझ्याही पासपोर्टवर आहे, पण त्याच्यावरून मला कुणी वेगळ्या वॉर्डात ठेवलेलं नाही.

मी रकाना तसाच सोडला. "चालेल," म्हटलं, "तुमच्या उपचारांत काही कमी होणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही.

न्यूझीलंडच्या माओरी नर्स इरिहापेटी रॅम्सडेन यांनी मांडलं होतं की सेवा सुरक्षित आहे की नाही हे ती घेणारा ठरवतो, देणारा नाही. ट्रेनिंगमध्ये हे स्लाइडवर वाचून मी चहाला गेले होते.

संध्याकाळी एक फॉर्म द्यायला वर गेले, तर आजींच्या पलंगाशी नर्स उभी. पिशवीतून स्वीटग्रासची वेणी निघाली होती, वाळलेल्या सुगंधी गवताची, आदिवासी प्रार्थनेत पेटवतात ती. शेजारी ऑक्सिजन चालू, म्हणजे पेटवणं शक्यच नाही. नर्सनं ती सामानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली नाही. हातही लावला नाही. "कुठे ठेवू या?" एवढंच विचारलं. आजींनी उशीकडे बोट केलं आणि स्वतःच्या हातानं ठेवली.

मावशी यावर म्हणाली, "मग तुझा रकाना रिकामाच राहिला की."

राहिला.