सहा दिवसांत पाच मॅच, आणि मी लावलेले पाच लाल शेरे

मी पुण्यात एका डिजिटायझेशनच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे तपासणीच्या कामाला आहे. अमेरिकेतल्या जुन्या पेपरांची मायक्रोफिल्म स्कॅन होऊन येते, मशीन त्यातला मजकूर वाचतं आणि मशीनने जिथे चुकीचं वाचलं ते आम्ही दुरुस्त करायचं, तारखा तपासायच्या, शंका आली की लाल शेरा मारून पुढे पाठवायचं. रोजचं काम तेच, पण त्या दिवशी नोव्हेंबर 1899 ची पानं आली आणि मी अडकलेच.

झालं असं की सेवानी नावाच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या बातम्या एकामागून एक यायला लागल्या (आपला पायाने खेळायचा नाही, बॉल हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल, आणि समोरच्याही सगळ्या कॉलेज-युनिव्हर्सिटीच्याच टीम). 9 तारखेला ऑस्टिनमध्ये टेक्ससला 12-0 ने हरवलं, 10 ला ह्यूस्टनमध्ये टेक्सस ए अँड एमला 10-0, 11 ला न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेनला 23-0, 13 ला बॅटन रूजमध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) 34-0, आणि 14 ला मेम्फिसमध्ये मिसिसिपीला 12-0. मला वाटलं तारखा चुकल्यात नाहीतर दोन सीझनची पानं एकत्र झालीत, कारण सहा दिवसांत पाच शहरं आणि तेही 1899 मध्ये, रेल्वेने! पाचही बातम्यांवर शेरे मारून टाकले.

पण मन लागेना. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, रातराणी करून आले की दुसऱ्या दिवशी त्यांना जेवणही जायचं नाही, ते मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे ही पोरं रात्रभर गाडीत आणि दुपारी मैदानात, हे डोळ्यासमोरून हलेना. वार तपासले, 9 ला गुरुवार, 12 ला रविवार, सगळं बरोबर बसत होतं. मग त्या टीमबद्दल वाचत बसले, डबा तसाच राहिला.

सेवानी म्हणजे टेनेसीतलं डोंगरावरचं छोटंसं कॉलेज. व्हँडरबिल्ट या टेनेसीतल्याच युनिव्हर्सिटीशी तिकिटाच्या पैशांवरून वाजलं होतं, त्यांच्याशी होणारी मोठी मॅच रद्द झाली, म्हणून मॅनेजर ल्यूक ली या विद्यार्थ्याने भरपाईसाठी हा दौरा आखला. जवळपास 4,000 किलोमीटर. घरच्या झऱ्याचं पाणी पिंपात भरून सोबत नेलं होतं असं सांगतात. आणि खेळ आजच्यासारखा नव्हता बरं का, पुढे बॉल फेकायला परवानगीच नव्हती (ती 1906 ला आली), त्यामुळे सगळं अंगाने रेटून, ढिगात घुसून, बॉल पाच यार्ड पुढे न्यायला फक्त तीन प्रयत्न, 35 मिनिटांचे दोन हाफ आणि एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकत नसे. म्हणजे दुखलं तरी उभं राहायचं. पाच मॅचमध्ये 91 गुण केले आणि समोरच्याला एकही नाही, हे मी तीन वेळा बेरीज करून बघितलं.

त्या सीझनला 12 पैकी 12 जिंकले, एकूण 322 विरुद्ध 10. ते 10 सुद्धा एकट्या ऑबर्न कॉलेजच्या टीमने केले, ज्यांचा कोच जॉन हाइझमन होता. ती मॅच 11-10 अशी एका गुणाने निघाली. मला तर त्या एका गुणाचंच जास्त कौतुक वाटलं, कारण बाकी कुणालाही एक गुणसुद्धा न देणाऱ्यांना तिथे खरंच झगडावं लागलं असणार.

संध्याकाळी टीम लीड मॅडमकडे गेले, सांगितलं की मॅडम, पाचही तारखा बरोबर आहेत, शेरे मी काढते. त्यांनी मान वर न करता "बघ बाई, खात्री आहे ना" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि ऑस्टिनपासून सुरुवात केली. मेम्फिसचं पान सगळ्यात अंधुक होतं, 12 चा 2 पार फाटलेला, झूम करून बघावं लागलं, तेव्हा कुठे तो शेरा निघाला.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, कोण जिंकलं ते त्यांनी विचारलंच नाही.

"रविवारी तरी सुट्टी होती का त्यांना?"

"हो बाबा, रविवारी खेळले नाहीत."

"मग बरं," म्हणाले.