बहिष्कार घालायचा, पण जायचं कुठे?

मे २०२४ मध्ये कॅनडातल्या बऱ्याच लोकांनी ठरवलं, महिनाभर लोब्लॉ या बड्या किराणा कंपनीच्या दुकानांत पाऊल टाकायचं नाही. मी हे आईला फोनवर फार जोशात सांगत होते. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे दुसऱ्या वाण्याकडे जायचं. त्यात काय एवढं?"

तिथेच तर सगळी गोम आहे. पिवळ्या पाटीचं स्वस्त 'नो फ्रिल्स' लोब्लॉचं. अवाढव्य 'रिअल कॅनेडियन सुपरस्टोअर' त्यांचंच. आशियाई भाज्या आणि मासळीसाठी जावं तर 'टी अँड टी' त्यांनी २००९ मध्येच घेतलेलं. नवऱ्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या जिथून येतात ते 'शॉपर्स ड्रग मार्ट'ही २०१४ पासून त्यांचं. पाट्या वेगळ्या, मणी एकाच माळेचे. ही माळ चुकवून वॉलमार्ट किंवा कॉस्टकोत जाणं म्हणजे एका हत्तीवर रुसून दुसऱ्याला ऊस खायला घालणं. २०२३ मध्ये इथल्या कॉम्पिटिशन ब्युरोने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, अहवालात मांडलंच होतं की देशातली तीन चतुर्थांशांहून जास्त किराणा विक्री पाच बड्या कंपन्यांच्या हातात आहे.

राग आधीपासून साचत होता. २०२२ च्या सप्टेंबरात किराणा वर्षभरात ११.४ टक्क्यांनी महागला होता, १९८१ नंतरची सर्वांत मोठी वाढ. कंपनी म्हणायची, आमच्या हाती नफा अगदी थोडा उरतो, भाव पुरवठादार वाढवतात. ते खरंही असेल. पण ज्या कंपनीने २०१७ मध्ये आपण पावाचे भाव ठरवण्याच्या संगनमतात होतो अशी कबुली दिली आणि ग्राहकांना २५ डॉलरचं कार्ड देऊ केलं, तिच्या तोंडून हे ऐकताना लोकांच्या कपाळावर आठ्या पडायच्याच. त्यात जानेवारी २०२४ मध्ये मुदत संपत आलेल्या मालावरची ५० टक्के सूट ३० वर आणायचं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी ती स्टिकरं हुडकत फिरणारे विद्यार्थी, म्हातारी माणसं कुणी पाहिली असतील, त्याला कळेल हे किती झोंबलं असेल. ओरड झाली आणि कंपनीने निर्णय फिरवला. ओरडलं की ऐकू जातं, हे लोकांना बहुधा तेव्हाच उमगलं.

आम्ही देशी दुकानाकडे वळलो. डाळ-तांदूळ, कोथिंबीर, मिरच्या मजेत मिळाल्या. दूध आणि मुलीचं नाश्त्याचं सीरियल मात्र कुठून आणायचं यावर रोज चर्चासत्र. आणि आमच्याकडे गाडी आहे, चार दुकानं पालथी घालता येतात. छोट्या गावात राहणारी माझी मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे दुकानच एक. मी बहिष्कार घातला तर उपास घडेल." यावर मला उत्तर सुचलं नाही.

मेच्या मध्यावर लोब्लॉने किराणा आचारसंहितेवर सही करायची तयारी दाखवली. ती बहिष्कारवाल्यांची एक मागणी होती, पण संहिता आहे साखळ्या आणि पुरवठादार यांच्यातल्या व्यवहारांची. आपल्या बिलाशी तिचा थेट संबंध नाही. त्या तिमाहीत कंपनीची एकूण विक्री थोडी वाढलीच. जुलैत पावाच्या जुन्या दाव्यांपायी लोब्लॉ आणि तिची मूळ कंपनी ५० कोटी डॉलरच्या तडजोडीला तयार झाल्या, पण ते खटले कितीतरी वर्षांचे. बहिष्काराने ते घडवलं असं म्हणणं म्हणजे कोंबडा आरवला म्हणून उजाडलं म्हणण्यासारखं.

आमचा बहिष्कार टिकला तेवीस दिवस. चोविसाव्या दिवशी नवरा गोळ्या आणायला गेला आणि दुधाची पिशवी घेऊन आला. मी नुसतं बघितलं.

"पैसे नाही दिले हं," तो घाईघाईने म्हणाला, "पॉइंट्सवर आणलंय."